तारखेचा पगार

पहाटे साडेपाचच्या सुमाराला सांगलीजवळच्या माधवनगरातून बुधगावकडं जाणाऱ्या रस्त्यावर पोरं पळत असतात. हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात, तेव्हा ती कडेच्या मातीत उतरतात आणि ट्रॉली गेली की पुन्हा डांबरावर येतात. एकजण मोबाईलवर वेळ लावून उभा असतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलात तर वीसपैकी वीस, पुढं गुण गळायला लागतात. मुलींना ८०० मीटर, २ मिनिटं ५० सेकंद. मग शंभर मीटर, मग गोळाफेक. मैदानाचे पन्नास गुण, लेखीचे शंभर. हे आकडे मला पाठ झाले आहेत, कारण मी त्याच वेळी फिरायला जातो आणि दम खाताना ती पोरं दुसरं काही बोलतच नाहीत.

फिरायला येणारे आम्ही बहुतेक जण निवृत्त, नाहीतर निवृत्तीला टेकलेले. आमच्यातलं कोणी ना कोणी रोज म्हणतं, "ही पोरं सरकारी नोकरीच्या नादानं वाया चाललीत. धंदा करा म्हणावं. कुपवाडला जावा म्हणावं. कामं काय कमी हायत?" हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आणि आता मला ते ऐकवत नाही. ही मुलं आळशी नाहीत हे तर पहाटेच दिसतं. पण ती भलत्याच गोष्टीमागं धावताहेत, असंही मला वाटत नाही. त्यांना नेमकं काय हवंय, हे माधवनगरात हयात काढलेल्या माणसाला तरी कळायला पाहिजे.

माधवनगर हे व्यापारासाठी आखून वसवलेलं गाव. रस्ते सरळ, पेठांना वारांची नावं. कॉटन मिल होती, आणि बोळाबोळांतून यंत्रमाग होते. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, मागावर होते. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसले, त्याला पीक म्हणतात. मजुरीचा दर त्या पिकाच्या हिशेबानं मीटरमागं ठरतो. इचलकरंजीत मजुरीवाढीची बोलणी ५२ पिकाच्या दरावर होतात, ती ह्याचमुळं. म्हणजे माणूस किती तास उभा राहिला ह्याला किंमत नाही, कापड किती उतरलं ह्याला आहे. वीज गेली की माग थांबायचा, आणि माग थांबला की मजुरी थांबायची. सूत महागलं की मालक नवीन बीम चढवायचा नाही. पेठेत कापडाला उठाव नसला की दिवाणजीचा निरोप यायचा, दोन दिवस येऊ नका. सूत, वीज, पेठ ह्यांतलं काहीच आप्पांच्या हातात नव्हतं, पण घरी येणारा आकडा ह्या तिन्हींवरच ठरायचा.

त्यामुळं आमच्या घरात पैशाबद्दल बोलताना तारीख कधी नसायची. किराणा दुकानात आमची वही होती. दुकानदार विचारायचा, "वहिनी, कधी?" आई म्हणायची, "हप्ता झाला की देते." हप्ता कधी आणि किती, हे तिलाही ठाऊक नसायचं. ती खोटं बोलत नव्हती, तरीही परत येताना तिचा चेहरा खोटं बोलून आलेल्या बाईसारखा व्हायचा. गरिबीत काय काय कमी पडतं ह्याच्या याद्या पुष्कळांनी केल्या आहेत. मला विचाराल तर आमच्या घरात सगळ्यांत जास्त ही तारीख कमी पडली. किती मिळणार ह्यापेक्षा कधी मिळणार हे ठाऊक नसणं माणसाला अधिक वाकवतं, असं माझं ठाम मत त्या वहीपाशी उभं राहून झालेलं आहे.

थोरले चुलते मुंबईला गिरणीत होते. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या किती घरांतली माणसं गिरणगावात होती ह्याला गणती नाही. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेले आणि गिरणीतही राबले. आमच्या चुलत्यांची मनीऑर्डर दर महिन्याला यायची, साधारण बारा ते पंधरा तारखेच्या दरम्यान. पोस्टमन आला की आजी पदर सावरून दारात यायची. त्या एका मनीऑर्डरीवर आमच्या दोन्ही घरांचा महिना बेतलेला असायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. चुलते ट्रंक घेऊन परत आले, तेव्हा एखाददुसऱ्या महिन्याची गोष्ट आहे असं म्हणत होते. संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. पुढं ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका गोडाऊनवर राखणीला बसले आणि तिथंच म्हातारे झाले. त्यांच्या तोंडी गिरणीबद्दल कडवट शब्द मी कधी ऐकला नाही. ते सांगायचे ते पाळीचं, भोंग्याचं, पगाराच्या दिवशीच्या रांगेचं.

नंतर माधवनगरची मिलही बंद पडली. बोळातले मागही एकेक करून भंगारात गेले. माग भंगारात जाताना पाहिलेल्या माणसाला 'धंदा कर' असं सहज सांगता येत नाही. माग घेतलेली ती माणसं धंदाच करत होती. कर्ज काढून, संसार आत ढकलून त्यांनी सोप्यात माग बसवले होते.

धंद्याचा उपदेश करणारे लोक आमच्याकडं हमखास लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतात. नाव अभिमानानं घ्यावं असंच आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा ते भारतीय आहेत म्हणून त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत हे सांगितलं जातं. पण औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तो माळ दिला, भांडवलाला हात दिला, आणि मग त्या माळावर कारखाना झाला, हा अर्धा भाग उपदेश करणारे गाळतात. लक्ष्मणरावांची जिद्द मोठी होतीच. तिच्यामागं जमीन आणि पैसा घेऊन उभा राहणारा राजाही होता. पहाटे पळणाऱ्या ह्या पोरांच्या मागं कोण उभं आहे, हा प्रश्न आधी विचारा आणि मग धंद्याचा सल्ला द्या. आणखी एक. लक्ष्मणरावांनी माळावर नुसता कारखाना काढला नाही, कामगारांसाठी घरं बांधली, गाव वसवलं. माणसाला पगाराबरोबर खात्री लागते, हे त्या उद्योजकाला नीट उमगलेलं होतं.

माझ्या स्वतःच्या नोकरीच्या शोधाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बी.कॉम. झालो, टायपिंगची चाळीसची परीक्षा दिली, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव घातलं. त्या पिवळट कार्डाचं नूतनीकरण चुकू नये म्हणून आई ते देवाच्या फडताळात ठेवायची. कॉल येईल म्हणून बाहेरगावी जाणं टाळायचो. दरम्यान एका खाजगी ठिकाणी हिशेब लिहायला लागलो. तिथं कामाला ठरलेली वेळ होती, पगाराला नव्हती. "बघू पुढच्या आठवड्यात" हे वाक्य मालक अगदी प्रेमानं म्हणायचे. प्रेमानं म्हटल्यामुळं पुन्हा विचारणं अवघड व्हायचं, हे मला आजही बोचतं. गल्लीतली माणसं भेटली की विचारायची, "काय मग, कुठं चिकटलास का न्हाई?" त्यात कुत्सितपणा नसायचा. पण दिवाळी, गणपती, लग्न, बारसं, कुठंही गेलं तरी हा प्रश्न आधी तिथं जाऊन बसलेला असायचा.

मग सांगलीच्या एका अनुदानित महाविद्यालयात कनिष्ठ लिपिकाची जागा निघाली आणि मी लागलो.

पहिल्या पगाराचा आकडा मोठा नव्हता. तो आणून दिल्यावर आई दुकानात गेली, वही चुकती केली, आणि पुढच्या महिन्याचं सामान सांगताना आपणहून म्हणाली, "एक तारखेला देते." दुकानदारानं मान हलवली. एवढंच झालं. पण आईचं ते वाक्य उच्चारणं मला अजून ऐकू येतं. त्यानंतर घरात गोष्टी ठरू लागल्या. बहिणीला डी.एड.ला घालायचं ठरलं. पोस्टात आर.डी. उघडली. भिशीत नाव घातलं. आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन 'कधीतरी' वरून 'वैशाखात' वर आलं. ठरवणं ही चैन असते, आणि ती एका तारखेनं आमच्या घरात आणली. पहाटे पळणाऱ्या त्या पोरांना हीच चैन हवी आहे. साहेबी, वरकमाई, आराम ही जी कारणं लोक त्यांच्या माथी मारतात, ती काहींची असतीलही. मी ज्यांना ओळखतो त्यांतल्या बहुतेकांना आपल्या आईनं दुकानात एक तारीख सांगावी एवढंच हवं आहे.

कुपवाडच्या एमआयडीसीत कामं आहेत, हे खरं. फौंड्रीत आहेत, मशीनशॉपमध्ये आहेत, पॅकिंगला आहेत. पण कंपनी आणि कामगार ह्यांच्यामध्ये कॉन्ट्रॅक्टर बसलेला असतो. पाळी बारा तासांची. कायद्याप्रमाणं वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला काही हक्क लागू होतात, म्हणून तेवढे दिवस भरायच्या आधीच 'ब्रेक' द्यायची रीत पडली आहे. आय.टी.आय. झालेला फिटर वर्षातून एकदा असा घरी बसतो आणि पुन्हा नव्यानं लागतो. दहा वर्षांच्या अनुभवानंतरही तो दर वर्षी नवाच असतो. अशा मुलाचं स्थळ मुलीकडचे नाकारतात, तेव्हा लोक मुलीच्या बापाला लोभी म्हणतात. मला त्या बापाची काळजी कळते. "मुलगा परमनंट आहे का?" असं विचारताना त्याच्या डोळ्यांपुढं आपल्या मुलीचं किराणा दुकानात उभं राहणं असतं.

आता आकडे बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. २०२४ मध्ये पोलिसांच्या १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त. तलाठीच्या अर्जाचं शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये, राखीव गटाला ९०० होतं. दहा लाखांना नऊशेनं गुणा. आकडा नव्वद कोटींवर जातो. ज्यांना काम नाही त्यांच्या खिशातून ही रक्कम गोळा झाली. पुढं ह्याच तलाठी भरतीत वेगवेगळ्या सत्रांतले गुण समान पातळीवर आणण्याच्या हिशेबात २०० पैकी २१४ गुण मिळालेली यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा अभ्यासिकांमधून जी चीड उसळली ती मी सांगलीत जवळून पाहिली. त्या हिशेबाची पद्धत असते, ती समजावताही येते. पण ज्यानं तीन वर्षं घालवली आहेत त्याला दोनशेपैकी दोनशे चौदा हे समजावून घ्यायला सांगणं क्रूर आहे.

२०२३ मध्येच ६ सप्टेंबरला सरकारनं नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला आणि राज्यभर मुलं रस्त्यावर आल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागं घेतला. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६,०००, आय.टी.आय. आणि पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. सहा महिने, नंतर वाढवून अकरा. माझी भाची त्यात एका कार्यालयात होती. आवक-जावक तिनं संगणकावर चढवली, जुनं दप्तर लावलं, साहेब तिच्या कामावर खूष होते. मुदत संपली त्या दिवशी ती टेबल पुसून, किल्ल्या देऊन आली. काम तिथं अजून आहे. फक्त ती तिथं नाही.

ही भाची बी.एस्सी. आहे. तिची फाईल मी पाहतो तेव्हा मला माझं ते एकच कार्ड आठवतं. डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, एमएससीआयटी, टायपिंग, फोटो, सहीचा स्कॅन. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे पुन्हा सेतू केंद्र, पुन्हा उत्पन्नाचा दाखला. फॉर्मच्या शेवटच्या रात्री सर्व्हर चालत नाही आणि ओटीपी येत नाही. एका परीक्षेला तिचं केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आलं. मी आणि ती आदल्या रात्री एसटीनं गेलो, स्टँडवर चहा घेतला, तिनं तिथल्या बाकावर चालू घडामोडींची उजळणी केली. नोकरी शोधणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. त्याला पाळी आहे, घाम आहे, खर्च आहे. त्याचा पगार मात्र कोणी देत नाही, आणि 'सध्या काय करतेस?' ह्या प्रश्नाला ते उत्तर म्हणून चालत नाही.

परवा ती प्रश्नसंच सोडवत होती. मोठ्यानं वाचायची तिची सवय आहे. "महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेचे जनक कोण?" आणि लगेच स्वतःच, "वि. स. पागे." खूण करून ती पुढच्या प्रश्नावर गेली. मी तिला थांबवलं.

पागे विसापूरचे, तासगाव तालुक्यातले. आमच्या दारावरून जाणारा हा बुधगाव-कवलापूरचा रस्ता तसाच पुढं तासगावला जातो. विधान परिषदेचे ते अनेक वर्षं सभापती होते. मागेल त्याला काम द्यायचं ही कल्पना त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातच करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ठरलेल्या मुदतीत काम दिलं नाही तर बेकारभत्ता द्यायचा, हे त्यात लिहिलेलं होतं. २००५ ला देशानं केलेल्या कायद्याचं मूळ ह्या आमच्या माळात आहे. आणि त्याला पैसा कुठून आणला? १९७५ साली व्यवसाय कर लावला. माझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला जे २०० रुपये कापलेले दिसतात, आणि फेब्रुवारीत ३००, तो हा कर. ज्याला काम आहे त्यानं, ज्याला नाही त्याच्यासाठी, आपल्या पगारातून काढून ठेवायचं, अशी त्यामागची बुद्धी होती. आमच्या कार्यालयात ह्या कपातीबद्दल कुरकुर करणारे खूप आहेत. मी ते दोनशे रुपये आजवर आनंदानं दिले आहेत आणि नोकरीत असेपर्यंत देईन.

तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मामा, तेव्हा ज्याला काम नव्हतं त्याला पैसे द्यायचे. आता ज्याला काम नाही त्याच्याकडनं फी घेतात."

मला ह्यावर तिची समजूत घालणारं काही बोलावंसं वाटलं नाही, कारण ती बरोबर बोलली होती. सगळ्यांना सरकारी नोकरी मिळणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि पळणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. साडेसतरा लाखांतून साडेसतरा हजार, हे गणित त्यांना आमच्यापेक्षा चांगलं येतं. पण न मिळणारी नोकरीसुद्धा तारखेनं नाकारता येते. जाहिरात निघाली की परीक्षा ह्या दिवशी, निकाल ह्या दिवशी, नेमणूक ह्या दिवशी, एवढं छापायला आणि पाळायला काय लागतं? केंद्राचा लोकसेवा आयोग वर्षभर आधी वेळापत्रक लावतो आणि साधारण पाळतो. मग जिल्ह्याच्या भरतीत मुलगी एकविसाव्या वर्षी फॉर्म भरते आणि चोविसाव्या वर्षी निकालाची वाट बघत असते, हे का? तिची ती तीन वर्षं कोणाच्या हिशेबात धरायची? कोणाला नकार द्यायचाच असेल तर तो वेळेवर द्यावा, म्हणजे माणूस दुसरं काही ठरवायला मोकळा होतो. आणि अर्जाची फी निदान ज्यांनी परीक्षा दिली त्यांना परत करावी. हे मी आमच्या कर्मचारी संघटनेच्या बैठकीत मांडलं. आपला विषय नाही असं काही जण म्हणाले. पण बैठकीत बसलेल्या प्रत्येकाच्या घरी एक फाईल लावलेली आहे, त्यामुळं ठराव झाला आणि निवेदन कलेक्टर कचेरीत दिलं. पोच माझ्याकडं आहे.

भाची आता विश्रामबागेत एका हिशेबनिसाकडं टॅलीच्या नोंदी करायला जाते. दुपारी दोनपर्यंत काम, मग अभ्यासिका. तिथला पगार दहा तारखेला होतो. कामाला लागतानाच तिनं त्यांना दोन गोष्टी विचारून घेतल्या, पगाराची तारीख कोणती आणि परीक्षेच्या आधी महिनाभर सुट्टी मिळेल का. ते दोन्हीला हो म्हणाले. नवी जाहिरात निघाली तर पहिल्या आठवड्यातच फॉर्म भरायचा असं तिनं ठरवलं आहे, म्हणजे सर्व्हरची भानगड नको. ह्या वेळी फी ती स्वतःच्या पैशांतून भरणार आहे.